६७ की ७३? विश्वाची मोजणी आणि आमचे आबा

पाणंद | शनिवार, रात्री १०.१२

आमचे आबा भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झाले. सगळी हयात बांध, हद्दीचे दगड आणि भावाभावांची भांडणं यांत गेली. परवा जेवताना म्हणाले, "तुझ्या मोबाइलवर ती बाई सांगत होती, विश्व किती वेगानं फुगतंय यावरून शास्त्रज्ञांत तंटा आहे म्हणून. कसला तंटा?"

मी भौतिकशास्त्रात एमएस्सी, पोटासाठी विम्यात. म्हटलं, हे तर आपल्या हातचं. फुग्यावर ठिपके काढा, फुगा फुगवा, ठिपके लांब जातात... आबांनी हात वर केला. "फुगतंय ते कळलं रे. तंटा कसला ते विचारलं."

मग सरळ आकडे सांगितले. एका पद्धतीनं मोजलं तर ६७ येतात, दुसरीनं ७३. आबांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "मोजणी कुणी केली? आणि साखळी कुठली होती?"

इतकी वर्षं मी लोकांना फुगे दाखवतोय. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि अख्खा तंटा याच प्रश्नात आहे. म्हणून त्या रात्री जे बोलणं झालं ते इथे टाकतोय. एका ठिकाणी माझी गाडी अडली, तिथे जाणकारांनी हात द्यावा.

आधी ७३ म्हणजे काय. एक मेगापार्सेक, म्हणजे ३२.६ लाख प्रकाशवर्षं, इतकी लांबची दीर्घिका सेकंदाला ७३ किलोमीटर वेगानं दूर जाते. दुप्पट लांबची दुप्पट वेगानं. वेग काढणं अवघड नाही, प्रकाश तांबड्याकडे किती सरकला ते बघायचं. खरी मारामारी अंतराची. रात्री घाटात समोर एक ठिपका दिसतो. जवळच कुणी बिडी ओढतंय की लांबून ट्रक येतोय? दिवा मुळात केवढा हे ठाऊक असेल तरच अंतर सांगता येतं.

ती किल्ली हेन्रिएटा लेव्हिट या बाईंनी १९१२ साली दिली. मॅगेलनचा छोटा मेघ म्हणजे आपल्या शेजारची एक लहान दीर्घिका, तिच्यातले २५ तारे त्यांनी घेतले. हे तारे ठराविक दिवसांनी उजळतात आणि मंदावतात, त्यांना सेफिड म्हणतात. सगळे एकाच मेघातले, म्हणजे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर. बाईंना दिसलं, की ज्याची उघडझाप जितकी संथ तितका तो मुळात तेजस्वी. म्हणजे ताऱ्यानं स्वतःच सांगितलं, मी किती वॅटचा. आता दुसरीकडे कुठेही तसा तारा दिसला की दिवस मोजा, वॅट काढा, मंद किती दिसतो ते बघा, अंतर हातात.

सेफिड फार लांबचे दिसत नाहीत. मग पुढे एका जातीचे फुटणारे तारे घ्यायचे, टाइप वन-ए सुपरनोव्हा, जे जवळपास सारख्याच तेजानं फुटतात. ज्या दीर्घिकांत सेफिडही आहेत आणि असा स्फोटही झालाय, तिथे दोन्हींची गाठ मारायची आणि मग स्फोटांच्या जोरावर शेकडो मेगापार्सेक पुढे जायचं. आबा म्हणाले, "साखळीला साखळी जोडली. आणि पहिला दगड?" पहिला दगड म्हणजे जवळच्या सेफिडचं अंतर, आणि तिथे शुद्ध भूमिती आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा किंचित जागा बदलताना दिसतो, गाया यान तेच मोजत होतं. पायारेषा आणि दोन कोन. हे मला त्यांना शिकवावं लागलं नाही.

मग ते आत गेले आणि कपाटावरून गंजलेली शंकुसाखळी काढून आणली. ३३ फूट, १६ आणे. साखळी बाय साखळी म्हणजे एक गुंठा. दोन कड्यांमधली जागा अंगठ्यानं दाखवली, घासून घासून कडी पातळ झालेली. "वापरून वापरून साखळी ताणली जाते. मग ३३ फुटांच्या साखळीचे साडेतेहतीस होतात. जमीन तेवढीच, आकडा कमी येतो. शंभर वेळा मोजलीस तरी चूक तीच. सरासरी काढून ताणलेली साखळी आखूड होत नाही."

एडविन हबल या खगोलशास्त्रज्ञाचं अगदी हेच झालं होतं! १९२९ साली त्याचा आकडा सुमारे ५०० होता. त्या हिशेबानं विश्वाचं वय २०० कोटी वर्षांच्या आसपास येतं आणि पृथ्वीच ४५४ कोटी वर्षांची आहे. आई लेकीपेक्षा लहान. १९५२ मध्ये वॉल्टर बाडे या खगोलशास्त्रज्ञानं दाखवलं की सेफिड दोन जातींचे असतात आणि देवयानी दीर्घिकेतल्या सेफिडना चुकीच्या जातीचा वॅट लावला गेला होता. तारे मुळात जास्त तेजस्वी, म्हणजे जास्त लांब. एका फटक्यात अंतरं दुप्पट.

आता अडलो ते इथे. ७३ साखळीचे, हे आबांना पटलं. ६७ कुठून येतात? तिथे साखळीच नाही. मी 'वैश्विक सूक्ष्मलहरी पार्श्वभूमी प्रारण' असं म्हटलं आणि आबा झोपायला गेले.

कोपरखळी | शनिवार, रात्री १०.३१

आधी शीर्षकात 'हबल टेन्शन' (या तंट्याचं इंग्रजी नाव) नाही याबद्दल आभार. आमच्या हिला हे शब्द सांगितले तर म्हणाली, "त्याला कसलं टेन्शन, गेला की तो कधीच."

आबांचे पाय धरावेसे वाटतात. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

आठवी_ब | शनिवार, रात्री ११.०५

मी शाळेत शिकवते. फुगा मीही सोडून दिला, कारण मुलं विचारतात, "बाई, फुग्याच्या आत काय आहे?" आणि मग तास संपेपर्यंत आतच अडकतात. (मनुकांचा पाव सांगून पाहिला. आमच्याकडे मनुकांचा पाव कुणी बघितलाय? ढोकळ्यातली मोहरी म्हटलं, तर एकानं विचारलं, मग विश्वाचं ताट कुठे आहे.)

सध्या शिंप्याकडचं इलॅस्टिक वापरते. दोन मुलं टोकं धरतात. एकेका इंचावर पेनानं ठिपके, ताणायचं, परत पट्टीनं मोजायचं. एक इंचाचे दीड झाले, दोनाचे तीन, चाराचे सहा. म्हणजे पहिला ठिपका अर्धा इंच सरकला, चौथा दोन इंच. "लांबचा जास्त पळाला!" हे मुलं स्वतः ओरडतात. मग सांगते, आता दुसऱ्या ठिपक्यावर बोट ठेवून तिथून मोजा. पुन्हा तेच. मध्य कुठे हा प्रश्न आपोआप मरतो.

पण गेल्या वर्षी एका मुलीनं विचारलं, "बाई, ठिपका पण ताणला गेला. मग मी पण मोठी होतेय का?" मी म्हटलं, "हो, पुढच्या वर्षी नववीत." वेळ मारून नेली. उत्तर मला येत नव्हतं.

तिरपी_रेघ | रविवार, सकाळी ७.४०

@आठवी_ब, ठिपके काढू नका, बटणं शिवा. इलॅस्टिक ताणलं तरी बटण तेवढंच राहतं. दीर्घिका म्हणजे बटण. ती स्वतःच्या गुरुत्वाकर्षणानं घट्ट बांधलेली असते. सूर्यमाला, पृथ्वी, तुमची विद्यार्थिनी, कुणीच फुगत नाही. देवयानी तर आपल्याकडेच येतेय, कारण ती आणि आपण एकाच गाठीत आहोत.

(मी याच क्षेत्रात, पुण्याबाहेर पोस्टडॉक. ६७ बद्दल दुपारी लिहितो, आत्ता दूध आणायला चाललोय.)

खडूस_काका | रविवार, सकाळी ९.१८

रसभंग करतो. सोपं करून सांगणं म्हणजे बहुतेक वेळा खोटं सांगणं. ती रबरी चादर आणि तिच्यावर लोखंडी गोळा. चादर खाली का दबते? गोळ्याला पृथ्वी खाली ओढते म्हणून. म्हणजे गुरुत्वाकर्षण समजवायला गुरुत्वाकर्षणच वापरलं, आणि समोरचा "वा, काय सोप्पं सांगितलं" म्हणून घरी जातो. असल्या उपमांवर वाढलेली मंडळीच पुढे क्वांटम साबण विकत घेतात. समीकरण येत नसेल तर "मला येत नाही" म्हणावं, त्यात कमीपणा नाही.

पाणंद | रविवार, सकाळी ९.५०

काका, चादरीबद्दल शंभर टक्के सहमत. पण आबांना समीकरण येत नाही आणि तरी त्यांनी नेमका तो प्रश्न विचारला जो या क्षेत्रातले लोक तीस-चाळीस वर्षं एकमेकांना विचारतायत. एकेकाळी खगोलशास्त्रज्ञ सँडेज ५० म्हणायचे आणि त्यांचे प्रतिस्पर्धी द व्होकुलर १००. दोघांनी आयुष्यं घातली. तंटा साखळीचाच होता.

तिरपी_रेघ | रविवार, दुपारी २.२५

आता ६७. आबांना 'प्रारण' वगैरे सांगू नका. त्यांना विचारा, लांब उभ्या केलेल्या काठीवरून अंतर कसं काढतात. काठी दहा फुटांची आहे हे माहीत आहे, दुर्बिणीतून ती किती कोनात मावते ते दिसतं. की झालं काम, मध्ये साखळी टाकायची गरजच नाही.

आकाशात तशी एक काठी आहे. सुरुवातीची ३.८ लाख वर्षं विश्व म्हणजे तापलेला गढूळ रस्सा होता. प्रकाश आणि द्रव्य एकमेकांत अडकलेले. त्या रश्शात दाबाच्या लाटा पळत होत्या, म्हणजे चक्क ध्वनी, फक्त वेग प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त. मग रस्सा निवला, प्रकाश सुटला आणि लाटा होत्या तिथे थिजल्या. लाट तोवर जेवढी धावली, ती आपली काठी. प्रसरणानं ती आज सुमारे ४८ कोटी प्रकाशवर्षांची झालीय. तो सुटलेला प्रकाश आजही सगळीकडून येतो, फक्त थंड होऊन, निरपेक्ष शून्याच्या वर २.७ अंश. त्यात ती काठी सुमारे ०.६ अंशात मावते, पौर्णिमेच्या चंद्राहून किंचित मोठी. प्लँक उपग्रहानं हा कोन भलत्याच बारकाईनं मोजला.

काठी माहीत, कोन माहीत, म्हणून अंतर. मधल्या १३८० कोटी वर्षांत विश्व कसं कसं वाढलं तर एवढं अंतर पडेल, याचं गणित मांडलं की आजचा वेग निघतो. ६७.४, कमीजास्त ०.५. साखळीवाल्यांचा २०२२ चा आकडा ७३.०४, कमीजास्त १.०४. योगायोगानं एवढा फरक पडायची शक्यता लाखांत एकाहूनही कमी.

पण एक गोष्ट नीट सांगा. ७३ आज मोजलेले आहेत. ६७ हे बालपणीचा फोटो बघून आजची उंची किती असेल, याचं भाकीत आहे. मधे मूल कसं वाढतं हे आपल्याला ठाऊक आहे असं गृहीत धरलंय.

@खडूस_काका, उपमा देताना ती कुठे उसवते तेही सांगावं, एवढं मी पाळतो. काठीची उपमा उसवते ती अशी: ही काठी कुणी जवळ जाऊन मोजलेली नाही. तिची लांबी कागदावर काढलीय, त्या रश्शात काय काय होतं यावरून.

निवृत्त_कॅशियर | रविवार, दुपारी ४.०२

सेकंदाला किलोमीटर दर मेगापार्सेक हे एकक बघूनच माणूस पळून जातो. मुलाकडून हिशेब करून घेतला. किलोमीटर आणि मेगापार्सेक दोन्ही लांबीच, एकमेकांत उडवा. उरतं काय, तर व्याजाचा दर! ६७.४ म्हणजे १०० कोटी वर्षांना ६.९ टक्के. ७३ म्हणजे ७.५ टक्के.

एवढंच भांडण होय! एक राष्ट्रीयीकृत बँक, एक पतसंस्था.

तिरपी_रेघ | रविवार, दुपारी ४.३०

@निवृत्त_कॅशियर, हे मी माझ्या पुढच्या व्याख्यानात चोरणार. फक्त मुदत ठेव समजू नका, दर फ्लोटिंग आहे. पूर्वी खूप जास्त होता. आणि १९९८ मध्ये दूरचे सुपरनोव्हा बघून कळलं की दर उतरतोय खरा, पण अपेक्षेइतका उतरत नाही, खाली कुणीतरी टेकू लावलाय. त्या टेकूला डार्क एनर्जी म्हणतात. ज्यांना त्यासाठी २०११ चं नोबेल मिळालं त्यांतले अ‍ॅडम रीस हेच आज ७३ वाल्या गटाचे म्होरके.

भाषाभगिनी | रविवार, सायंकाळी ६.१५

थोडं अवांतर. 'कृष्ण ऊर्जा', 'कृष्ण द्रव्य' हे शब्द मला कधीच पटले नाहीत. कृष्ण म्हणजे काळं, म्हणजे ते दिसतं. डार्क मॅटर तर काचेहून पारदर्शक. 'अदृश्य द्रव्य' म्हणायला काय हरकत होती? 'महास्फोट' त्याहून वाईट. स्फोट म्हटलं की जागा आली, आवाज आला, बाहेर उडणारे तुकडे आले. इलॅस्टिकवर कुठेच स्फोट होत नाही. गंमत म्हणजे इंग्रजीतलं नाव ज्यांनी १९४९ मध्ये बीबीसीवर बोलताना वापरलं, त्या फ्रेड हॉइलना तो सिद्धांतच मान्य नव्हता. त्यांचे शिष्य आपले नारळीकर सर, त्यांनीही हॉइल आणि बर्बिज यांच्यासोबत १९९३ मध्ये पर्यायी मांडणी केली. बहुतेकांना ती पटली नाही, पण तंटा मराठीत सांगणारा माणूस त्यांच्यासारखा दुसरा झाला नाही.

आणि या टेन्शनला 'तणाव' म्हणू नका हो कुणी. आबांच्या खात्यातला शब्द आहे की, 'तफावत'.

पाणंद | रविवार, रात्री ९.४५

काठी आबांना सांगितली. दोन मिनिटांत कळली. मग विचारलं, "ती काठी दहा फुटांचीच होती हे कुणी बघितलं?"

@तिरपी_रेघ, मी "थांबा, विचारून सांगतो" म्हटलंय.

तिरपी_रेघ | रविवार, रात्री १०.२०

आबांना आमच्या विभागात घेऊन या, सेमिनारला पहिल्या रांगेत बसवू.

कागदावर सिद्धांत मांडणाऱ्यांचा एक मोठा गट नेमकं हेच म्हणतोय. रस्सा निवायच्या आधी थोड्या काळासाठी आणखी एखादी ऊर्जा असेल आणि नंतर विरून गेली असेल, तर त्या काळात प्रसरण जास्त जोरात झालं, लाटांना धावायला वेळ कमी मिळाला, म्हणजे काठी दहा फुटांची नसून साडेनऊची. तोच कोन, आखूड काठी, म्हणून अंतर कमी आणि आजचा वेग जास्त. ६७ वर सरकतात. अडचण अशी की हे केलं की द्रव्य कुठे किती गोळा झालंय त्याचा हिशेब बिघडतो. एका बांधाचं मिटवायला जावं तर दुसरा शेजारी उठतो.

साखळीकडेही शंका घेतल्या गेल्यात. लांबच्या दीर्घिकेत सेफिडच्या शेजारचे तारे त्याच्यात मिसळून तो उगाच तेजस्वी दिसत असेल का? जेम्स वेब दुर्बिणीनं जास्त स्पष्ट पाहिलं, तर सेफिडची अंतरं जवळपास तीच निघाली. दुसरीकडे वेंडी फ्रीडमन यांच्या गटानं सेफिडखेरीज आणखी दोन प्रकारचे तारे घेऊन वेबवरच मोजलं. २०२४ मध्ये त्यांचा आकडा आला ७० च्या आसपास.

माझं मत विचाराल तर साखळीत अजून थोडी ढील असावी. माझ्या शेजारी बसणारी सहकारी म्हणते काठीच चुकलीय. चहाच्या पैजा लागल्यात.

औंढेकर | सोमवार, सकाळी ८.३३

आमच्या औंढा नागनाथला लायगो-इंडिया, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, होतेय, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रानं २६०० कोटींना मंजुरी दिली. गावात कुणी म्हणतं भूकंप मोजणार, कुणी म्हणतं रॉकेट सोडणार. त्याचा या मोजणीशी काही संबंध आहे का? असेल तर गावात सांगायला काहीतरी मिळेल.

तिरपी_रेघ | सोमवार, सकाळी ११.१०

@औंढेकर, आहे, आणि चांगला घसघशीत आहे.

दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती घिरट्या घालत आदळतात तेव्हा अवकाशात गुरुत्वीय लहरी उठतात. घिरट्यांचा सूर कसा चढत गेला यावरून लहर मुळात किती जोरकस होती ते थेट समीकरणातून निघतं. लेव्हिटबाईंचे तारे नकोत, सुपरनोव्हा नको, कुठलीही साखळी नको. आपल्यापर्यंत किती क्षीण पोहोचली ते मोजा, अंतर मिळालं. १७ ऑगस्ट २०१७ ला अशी टक्कर पकडली गेली, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरची, आणि त्याच जागी प्रकाशही दिसला म्हणून दीर्घिकेचा वेग कळला. उत्तर आलं ७०. पण त्यात वर १२ आणि खाली ८ एवढी सूट, म्हणजे ६७ वालेही खूश आणि ७३ वालेही.

सूट एवढी का, तर तारे फिरतात ती तबकडी आपल्याकडे तोंड करून आहे की आडवी, हे नीट कळत नाही. तोंड करून असेल तर लहर जोरात येते. लांबची समोरासमोरची आणि जवळची तिरपी, दोन्ही सारख्याच भासू शकतात. पुन्हा तुमची बिडी आणि ट्रक. जगात वेगवेगळ्या कोपऱ्यांत यंत्रं असली की दिशा आणि कल दोन्ही पक्के होतात, औंढ्याचं महत्त्व तिथे. शिवाय अशा टकरी डझनांनी जमल्या की सूट कमी होत जाईल.

गोंगाटातून असा सूर वेगळा काढायच्या गणितावर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांचे विद्यार्थी तेव्हापासून काम करत होते जेव्हा लहर कधी सापडेल याची कुणालाच खात्री नव्हती. गावात हेही सांगा.

खडूस_काका | सोमवार, दुपारी १.००

धागा वाचतोय. चादर कुणी आणली नाही याची नोंद घेतली आहे.

पाणंद | सोमवार, रात्री ९.२०

आबांना औंढ्याचं वाचून दाखवलं. म्हणाले, "म्हणजे रोव्हर आला म्हणायचं. आमच्या वेळी साखळी आणि प्लेन टेबल, आता पोरं काठीला यंत्र लावून उपग्रहावरून मोजतात. त्यातही चुका होतात, पण वेगळ्या होतात."

बाहेरच्यांसाठी: आमच्याकडे मोजणी पटली नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडून पुन्हा करून घेतात, तिला निमताना म्हणतात. तीही पटली नाही तर सुपर निमताना.

आत्ता पाणी प्यायला उठलो तर दिनदर्शिकेच्या जुन्या पानामागे आबांनी तीन ओळी लिहून ठेवलेल्या दिसल्या, खात्याच्या रकान्यांत, ठळक अक्षरात:

६७.४ — काठी व कोन. काठी पाहिलेली नाही.
७३ — साखळी. तीन जोड.
७० — थेट. सूट फार.
शेरा: निमताना प्रलंबित.